करवतीचा मासा आणि सागरगोट्यावरचं फुलपाखरू

मुलांनो, तुमच्यापैकी सागरगोटे कोण कोण खेळलंय? हात वर करा पाहू! मुली तर खेळल्या असतीलच. मुलगे नाही म्हणतील, पण तेही बहिणीबरोबर गुपचूप खेळलेले असतात, मला ठाऊक आहे. काही गावांत यांनाच गजगे म्हणतात. राखाडी रंगाची, गुळगुळीत, गोटीएवढी ही बी. पाच सागरगोटे घ्यायचे, एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. आणखी एक उद्योगही तुम्हांला माहीत असेल. वर्गात बाईंचं लक्ष नसताना सागरगोटा फरशीवर खसाखसा घासायचा आणि पुढच्याच्या दंडाला टेकवायचा. असा चटका बसतो म्हणता!

या बीला 'सागर'गोटा का म्हणतात, याचा कधी विचार केलाय? तिचं कवच इतकं टणक असतं, की ती समुद्रात पडली तर महिनोन्‌महिने तरंगत राहते. आत पाणी शिरत नाही. लाटांबरोबर कुठल्या कुठे जाते आणि एखाद्या उबदार किनाऱ्याला लागली की तिथे रुजते. म्हणून आपल्या कोकणातलं हे काटेरी झुडूप जगातल्या कितीतरी गरम किनाऱ्यांवर आहे. अमेरिकेच्या अगदी दक्षिण टोकाला, फ्लोरिडा राज्यातही आहे. तिथे या झुडपावर एक निळं फुलपाखरू राहायचं. 'राहायचं' असं मी का म्हणते, ते पुढे सांगते.

त्याच टोकाच्या उथळ पाण्यात एक मासा राहतो. त्याच्या तोंडापुढे चक्क करवत असते! आपल्याकडे त्याला करवत मासाच म्हणतात. फुलपाखरू रुपयाच्या नाण्याएवढं आणि मासा दोन खाटा लांबीला लांबी लावून ठेवाव्यात, त्याहूनही लांब. दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नसतील. पण दोघांवर संकट आलंय, तेही एकाच मुलखात. आज तुम्हांला त्या मुलखात घेऊन जाते. भिंतीवरचा जगाचा नकाशा काढा, म्हणजे माझ्याबरोबर चालता येईल.

माझी थोरली बहीण तिकडे मियामी शहराजवळ राहते. २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत तिनंच तिकीट पाठवलं, म्हणून मी गेले. नाहीतर प्राथमिक शिक्षिकेला अमेरिका कुठली! विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि मला वाटलं, आपण रत्नागिरीतच उतरलो की काय. तोच दमट उकाडा, तीच चिकचिक, रस्त्याच्या कडेला नारळ, जास्वंद, बोगनवेल. ताईच्या अंगणात आंब्याचं झाडसुद्धा होतं. भाची म्हणाली, "मावशी, तू उगाच एवढ्या लांब आलीस."

नकाशात अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात बोटासारखा खाली आलेला भाग दिसतो ना, तो फ्लोरिडा. त्याच्या टोकापासून नैर्ऋत्येकडे बारीक बारीक ठिपक्यांची एक वळणदार माळ गेलेली दिसेल. नकाशा लहान असेल तर दिसणारही नाही. ही बेटं आहेत. यांना 'कीज' म्हणतात. किल्ल्यांशी यांचा काही संबंध नाही, बरं का! स्पॅनिश भाषेत छोट्या बेटाला 'कायो' म्हणतात, त्याचं इंग्रजांच्या तोंडी 'की' झालं.

या बेटांना जोडणारा एक रस्ता आहे. समुद्रावरून जाणारा. लांबी १८० किलोमीटरांच्या वर आणि वाटेत ४२ पूल. त्यातला एक तर जवळजवळ अकरा किलोमीटरांचा! दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. एका बाजूचं हिरवट, दुसऱ्या बाजूचं निळंशार. पूर्वी इथून आगगाडी जायची. १९१२ साली ती शेवटच्या बेटापर्यंत, म्हणजे की वेस्टपर्यंत पोचली. १९३५ च्या सप्टेंबरात भयंकर चक्रीवादळ आलं आणि त्यानं रूळ उखडून टाकले. मग रेल्वे कंपनीने नाद सोडला. उरलेल्या पुलांवरून मोटारींचा रस्ता केला, तो १९३८ मध्ये खुला झाला. रस्त्याच्या कडेला मैलाचे हिरवे फलक आहेत. ते उलटे मोजत जातात आणि की वेस्टला शून्य येतो. मला ही पद्धत फार आवडली. किती उरलं ते लगेच कळतं, "अजून किती?" असं विचारावं लागत नाही. तरीही भाची विचारतच होती.

सदतिसाव्या मैलाला बहिया होंडा नावाचं बेट लागतं. म्हणजे खोल उपसागर. तिथे सरकारी उद्यान आहे. पांढरी वाळू, उथळ पाणी आणि एका बाजूला मोडका रेल्वेचा पूल. हा पूल पाहण्यासारखा आहे. लोखंडी सांगाड्याच्या आतून रेल्वे जायची. आत मोटारींना जागा पुरेना, म्हणून रस्ता सांगाड्याच्या डोक्यावरून नेला! आता त्याचा मधला तुकडा काढून टाकलाय. लोक पुलाचे फोटो काढत होते. मी मात्र वाळूच्या मागच्या झुडपांत शिरले. कारण तिथे मला सागरगोटा दिसला होता.

तेच काटे, तीच टरफलांची काटेरी बोंडं. एक उकललेलं बोंड होतं, त्यात दोन राखाडी बिया बसल्या होत्या. मी भाचीला हाक मारली. उद्यानातली कुठलीही वस्तू उचलून न्यायची नसते, म्हणून आम्ही बिया तिथेच ठेवल्या. पण एक सागरगोटा मी क्षणभर हातात घेतला आणि वर उडवून झेलला. भाचीला वाटलं, मावशीला काय झालं!

तर याच झुडपांवर ते फुलपाखरू राहायचं. त्याचं नाव 'मियामी ब्लू'. आपण त्याला मियामीची निळाई म्हणू. पंख पसरले तरी इंचभरच. नर वरून चमकदार निळा. पंख मिटले की खालून राखाडी, त्यावर पांढरा पट्टा आणि मागच्या पंखावर चार काळे ठिपके. ठिपके नीट मोजावे लागतात, कारण तिथे याच्यासारखी दिसणारी दुसरी छोटी निळी फुलपाखरंही आहेत. आम्हांलाही दोन दिसली. भाची आनंदाने ओरडली. पण फलकावरच्या चित्राशी ताडून पाहिलं, तर ती दुसरीच निघाली.

निळाईची मादी सागरगोट्याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. अळी पालवी आणि कळ्या खाते. आणि हिची गंमत म्हणजे, हिला मुंगळे राखण करतात! अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो. मुंगळे तो चाटतात आणि अळीच्या आसपास पहारा देतात. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांचाही असाच कारभार असतो. पावसाळ्यानंतर शेंगांच्या वेलींवर नीट बघा, मुंग्या कशाभोवती जमल्यात ते.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो आणि पंख फुटल्यावर ते जेमतेम काही दिवस जगतं. पण पिढ्या मात्र वर्षभर चालू असतात.

एकेकाळी हे फुलपाखरू फ्लोरिडाच्या अर्ध्या किनाऱ्यावर सर्रास दिसायचं. मग काय झालं? किनाऱ्यावर माणसांना घरं हवी होती. समुद्राचा देखावा कुणाला नको? वाळूमागची झुडपं तोडून तिथे हॉटेलं, बंगले, गाड्या लावायच्या जागा झाल्या. काटेरी झुडूप तर सगळ्यांत आधी तोडतात. त्यात डासांची भर. डास मारायला तिथे रात्री गाड्यांतून आणि विमानांतूनही औषध फवारतात. औषधाला डास कोणता आणि फुलपाखरू कोणतं, हे कुठे कळतं?

१९९२ च्या ऑगस्टमध्ये 'अँड्र्यू' नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर कोसळलं. त्यानंतर काही वर्षं मियामीची निळाई कुणाच्याच दृष्टीस पडेना. संपली, असंच लोक धरून चालले. आणि १९९९ च्या नोव्हेंबरात, बहिया होंडाच्या याच झुडपांत, फुलपाखरं पाहण्याचा छंद असलेल्या एका बाईंना ती दिसली! शास्त्रज्ञ नव्हे, हौशी बाई. मला हा भाग सांगताना फार आनंद होतो.

पुढची गोष्ट मात्र आनंदाची नाही. या बेटावर इग्वाने आले होते. इग्वाना म्हणजे हिरवा, मोठा, घोरपडीएवढा सरडा. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी हौसेने पाळायला आणला आणि कंटाळा आल्यावर सोडून दिला. त्याला सागरगोट्याची कोवळी पालवी फार आवडते. पालवीबरोबर तिच्यावरची अंडी आणि अळ्याही त्याच्या पोटात जायच्या. त्यातच २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात कधी नव्हे अशी थंडी पडली. इतकी, की गारठलेले इग्वाने झाडांवरून टपाटप खाली पडत होते! झुडपांची पालवी करपली. त्याच वर्षात बहिया होंडावरची निळाई नाहीशी झाली. पुन्हा सापडून अकरा वर्षंही झाली नव्हती.

२००६ साली की वेस्टच्याही पलीकडे, समुद्रातल्या निर्मनुष्य बेटांवर तिची आणखी काही कुटुंबं सापडली होती, म्हणून बरं. तिथे ती सागरगोट्यावर राहत नाही. 'ब्लॅकबीड' नावाच्या झाडावर राहते. हे झाड कोण, माहीत आहे? आपल्या विलायती चिंचेचं जवळचं नातेवाईक! पूर्वी ती फुग्यासारखी फळं येणाऱ्या एका वेलीवरही असायची. ती वेल आपल्या कपाळफोडीच्या कुळातली. म्हणजे निळाईचं सगळं ताट आपल्या ओळखीचं आहे. २०१२ साली अमेरिकेच्या सरकारने तिला नष्ट होण्याच्या मार्गावरील जीवांच्या यादीत घातलं. फ्लोरिडा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तिला वाढवतात आणि जुन्या जागी नेऊन सोडतात. पहिल्या पहिल्या वेळी सोडलेली फुलपाखरं टिकली नाहीत. तरी त्यांनी काम सोडलं नाही. अलीकडच्या वर्षांत बहिया होंडावरही त्यांनी पुन्हा सोडली आहेत. त्यामुळे झुडपांत शिरताना माझं काळीज जरा धडधडत होतं, हे सांगायला हरकत नाही. अर्धा तास पाहिलं. चार ठिपकेवाली काही दिसली नाही.

आता माशाकडे वळू.

दोन दिवसांनी आम्ही एव्हरग्लेड्सला गेलो. हे राष्ट्रीय उद्यान १९४७ साली झालं. सगळा सपाट, पाणथळ मुलूख. गवतातून पाणी इतकं हळू वाहतं, की वाहतंय हे कळतही नाही. उद्यानाच्या दारातून साठ किलोमीटर आत गेलं की रस्ता संपतो आणि समुद्र लागतो. त्या जागेचं नाव फ्लेमिंगो. तिथे खारफुटी आहे. मैलोन्‌मैल खारफुटी! आपल्या खाड्यांत कांदळ पाहिलाय का तुम्ही? चिखलात पाय रोवून उभी असल्यासारखी त्याची मुळं असतात. तिथली लाल खारफुटी ही या कांदळाची सख्खी बहीण. तेच पाय, तोच चिखल, तोच वास. या मुळांच्या जाळीत, गुडघाभर पाण्यात, करवत माशाची पिल्लं वाढतात.

करवत मासा पाहिला की सगळे म्हणतात, हा शार्क. आमच्या वर्गातही चित्र दाखवल्यावर सगळ्यांनी "मुशी! मुशी!" असाच गलका केला. पण हा मुशीच्या घरचा नाही, पाकटाच्या घरचा आहे. बाजारात पाकट पाहिलं असेल तुम्ही. चपटं, पसरट, लांब शेपटीचं. आता ओळखायची खूण सांगते. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी डोक्याच्या बाजूला असतात आणि पाकटाच्या खाली, पोटाकडे. करवत माशाला उलटं केलं, तर फटी खालीच सापडतात. झाला की नाही पाकट?

त्याची करवत त्याच्या लांबीच्या साधारण पाव असते आणि तिच्या दोन्ही कडांना दाते. फ्लोरिडातल्या जातीला प्रत्येक बाजूला वीस ते तीस. ही करवत लाकडं कापायची नव्हे. ती त्याचं हत्यार आहे आणि नाकही! तिच्यावर बारीक बारीक छिद्रं असतात. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या शरीरातून अगदी थोडी वीज निघत असते, ती या छिद्रांना कळते. गढूळ पाण्यात, अंधारात, चिखलाखाली लपलेला मासासुद्धा त्याला सापडतो. मग करवतीचा एक सपकारा द्यायचा, की मासा गारद.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या माशाची मादी अंडी बाहेर घालत नाही, जिवंत पिल्लं देते. एका वेळी साधारण सात ते चौदा. प्रत्येक पिल्लाला जन्मतःच करवत असते. मग आईच्या पोटात जखम कशी होत नाही? तर जन्माच्या वेळी करवत मऊ असते आणि तिच्यावर जेलीसारखं एक म्यान असतं! पिल्लू बाहेर आलं की थोड्या दिवसांत म्यान गळून पडतं. तलवारीला म्यान शोधून काढणारा माणूस स्वतःला मोठा हुशार समजत असेल!

जन्मतः पिल्लू अडीच फुटांचं असतं. पहिली काही वर्षं ते खारफुटीच्या आसऱ्यालाच राहतं, कारण खोल पाण्यात मोठे शार्क असतात. पूर्ण वाढ झाली की लांबी पाच मीटरपर्यंत जाते. पण पिल्लं द्यायचं वय व्हायला सात-आठ वर्षं तरी लागतात आणि त्यानंतरही मादी दरवर्षी पिल्लं देत नाही, वर्षाआड देते.

इथे थोडं गणित करू. निळाईची एक पिढी महिन्याची धरा. करवत माशाचं एक पिल्लू मोठं होऊन आई होईपर्यंत निळाईच्या किती पिढ्या झाल्या? सात गुणिले बारा, म्हणजे ८४! म्हणून फुलपाखरू चार-पाच चांगले हंगाम मिळाले की भराभर वाढतं. उलट एका आठवड्याच्या थंडीत किंवा एका वादळात पार पुसलंही जातं. करवत माशाला एखादी थंडी-वादळ संपवू शकत नाही. तो सावकाश कमी होतो. इतका सावकाश, की एका माणसाच्या आयुष्यात ते नीट लक्षातही येत नाही. आणि एकदा कमी झाला, की वाढायलाही तितकाच सावकाश. मला विचाराल तर हे दुसरं दुखणं जास्त वाईट. पहिल्यात निदान आरडाओरडा तरी होतो.

आमच्या शाळेमागच्या कोळीवाड्यात एक आजोबा आहेत. त्यांना मी या माशाचं चित्र दाखवलं. (आपल्या समुद्रातला करवत मासा वेगळ्या जातीचा, फ्लोरिडातल्याचा चुलतभाऊ.) ते म्हणाले, "बाई, हा जाळ्यात आला की जाळ्याची चिंधी करायचा. लहानपणी पाहिलाय. पुढं कधी यायचा थांबला, ते काही सांगता येत नाही." बघा, मी म्हटलं तेच. आपल्याकडे २००१ पासून करवत माशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. म्हणजे जसा वाघ, तसा हा.

आजोबांच्या बोलण्यातच त्याच्या नाशाचं कारण आहे. जाळं! करवतीचे दाते जाळ्यात असे गुंततात, की सुटता सुटत नाहीत. जाळं वाचवायचं म्हणून कोळी त्याला मारायचे किंवा करवत कापून घ्यायचे. मग ती करवत दिवाणखान्यात शोभेला. पूर्वी अमेरिकेत टेक्सासपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंतच्या किनाऱ्यावर हा मासा होता. हळूहळू फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापुरता उरला. १९९२ साली फ्लोरिडाने त्याला मारायला बंदी केली. १९९४ साली तिथल्या लोकांनी मतदान करून किनाऱ्याजवळची मोठी जाळी बंद करायचं ठरवलं आणि १९९५ च्या जुलैपासून ती बंद झाली. कोळ्यांचं त्यात नुकसान झालं, हेही खरं. मग २००३ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. त्या यादीत गेलेला अमेरिकेच्या समुद्रातला हा पहिला मासा.

२०१५ साली शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट कळली. फ्लोरिडातल्या करवत माशांची तपासणी करताना त्यांना सात मासे असे सापडले, की ज्यांना बापच नव्हता! फक्त आईपासून जन्मलेले. रानात, मोकळ्या पाण्यात मोठ्या होणाऱ्या माशांत असं घडल्याचा हा पहिला पुरावा. जोडीदार भेटेनासा झाला की असं होत असावं, असं शास्त्रज्ञांना वाटतं. भाचीला हे सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प बसली.

तरी दिवस बरे येत होते. पिल्लं पुन्हा दिसू लागली होती. २०२३ च्या जुलैत ओरलँडो शहरातल्या एका मत्स्यालयात तीन पिल्लं जन्मली. अमेरिकेत माणसाच्या देखरेखीखाली असं पहिल्यांदाच घडलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी कीज बेटांजवळच्या समुद्रात भलतंच काही सुरू झालं. मासे गोल गोल फिरायला लागले. शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखे, गरागरा! एका जातीचे नव्हेत, कितीतरी जातींचे. २०२४ च्या जानेवारीपासून करवत मासे मरून किनाऱ्याला लागू लागले. लहान नव्हेत, मोठे, दहा-बारा फुटी, पिल्लं देण्याच्या वयाचे. काही महिन्यांत पन्नासहून अधिक गेले. मघाचं गणित आठवा, म्हणजे पन्नास हा आकडा किती मोठा ते कळेल.

शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं, मासे तपासले. समुद्राच्या तळाशी, शेवाळावर आणि गवतावर राहणारे काही सूक्ष्म जीव असतात, त्यांचं विष पाण्यात वाढलेलं आढळलं. बहुधा त्यांचाच हा प्रताप. त्याआधीच्या उन्हाळ्यात, जुलै २०२३ मध्ये, तिथल्या एका उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८ अंशांवर गेलं होतं. म्हणजे तुम्हांला ताप आल्यावर अंग जितकं तापतं, तितकं! या दोहोंचा संबंध किती, ते शोधण्याचं काम चालू आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अकरा फुटांचा एक नर असाच गोल फिरताना लोकांना दिसला. त्यांनी लगेच कळवलं. शास्त्रज्ञ बोटी घेऊन धावले. त्याला मोठ्या हौदात नेलं, औषधं दिली, रात्रंदिवस माणसं बसली. कुठल्याही जंगली करवत माशाला वाचवायचा असा प्रयत्न पूर्वी झालाच नव्हता. मे महिन्याच्या सुरुवातीला तो गेला. मी ही बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग पकडलाच कशाला?" मी म्हटलं, पहिल्या ऑपरेशनमधला रोगी नेहमी वाचतोच असं नाही. डॉक्टरांना पुढच्या रोग्यासाठी काहीतरी कळतं. माझं उत्तर त्याला पटलं की नाही, कोण जाणे.

फ्लेमिंगोच्या धक्क्यावर आम्ही दुपार घालवली. पाण्यात एक मगर होती, धक्क्यापासून वीस फुटांवर, लाकडाच्या ओंडक्यासारखी निवांत. सीलसारखी दिसणारी मोठी सुस्त समुद्रगायसुद्धा दिसली, नाक वर काढून श्वास घेऊन गेली. गळ टाकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ भाचीला म्हणाले, की आठवडाभरापूर्वी त्यांच्या गळाला करवत माशाचं पिल्लू लागलं होतं. मग त्यांनी काय केलं? नियम असा आहे, की त्याला पाण्याबाहेर काढायचंच नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. गळाच्या अगदी जवळ दोरी कापून सोडून द्यायचं आणि कुठे, किती लांबीचं दिसलं ते दूरध्वनीवर कळवायचं. त्यांनी तसंच केलं होतं. लांबी दाखवायला त्यांनी दोन्ही हात पसरले. भाचीने तो क्रमांक खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतला आणि उरलेला वेळ मुळांच्या जाळीत डोळे लावून बसली.

ऊन उतरलं आणि डास आले. आले म्हणजे, ढगच आला! कानांत, नाकात, साडीच्या पदराखाली. आपल्या खाडीवरचे डास त्यांच्यापुढे सज्जन. ताई आणि भावोजी आधीच गाडीत पळाले होते. भाची हात झाडत ओरडली, "मावशी, इथे औषध का नाही फवारत?"

"राष्ट्रीय उद्यान आहे ना," मी म्हटलं. "इथे डासांचंही घर आहे."

ती क्षणभर थांबली, पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघी गाडीकडे धूम पळालो.